चार हात भूमि : मुंबईचा झिजता समुद्रतट आणि लोकांचा वावर

(१) प्रयोजन

आमचें पाटोदा गांव बालाघाटाच्या डोंगराळ प्रदेशांत आहे. मांजरा नदी याच तालुक्यांत उगम पावते आणि सुमारें ७२४ किलोमीटर वाहून गोदावरीस मिळते. म्हणजे आमच्या डोंगरावर पडलेलें पाणी पूर्वसमुद्रास जातें. पश्चिमसमुद्राशीं त्याचा कांहीं संबंध येत नाहीं. अशा ठिकाणीं राहणारानें मुंबईच्या किनाऱ्याविषयीं लिहावें हें कित्येकांस अप्रस्तुत वाटेल, म्हणून प्रयोजन आरंभींच सांगणें बरें.

कांहीं वर्षांपूर्वीं, शाळेंत असतांना, आम्हीं मुलांची एक तुकडी मुंबई दाखविण्यास नेली होती. त्यांपैकीं बहुतेकांनीं समुद्र केवळ भूगोलाच्या पुस्तकांत पाहिलेला. दादरच्या चौपाटीवर पोंचलों तेव्हां भरती पूर्ण झाली होती. लाटा इमारतींच्या कुंपणभिंतींवर आदळत होत्या आणि चाळीस मुलांस उभें राहण्यापुरतीहि कोरडी वाळू तेथें नव्हती. एका मुलानें विचारिलें, "गुरुजी, समुद्र हा दिसला, पण त्याचा कांठ कोठें आहे?" आम्हीं भरती-ओहोटीचें कारण सांगून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनांतून गेला नाहीं.

याच दादरच्या किनाऱ्यावर ७ डिसेंबर १९५६ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा अंत्यविधि झाला. तेथील चैत्यभूमीच्या दर्शनास दरवर्षीं ६ डिसेंबरच्या सुमारास लक्षावधि लोक येतात आणि त्यांत आमच्या मराठवाड्यांतील लोकांचा भरणा मोठा असतो. ज्यांच्या गांवीं उन्हाळ्यांत पिण्याचें पाणी टँकरनें येतें, असे लोक त्या वाळूवर रात्र काढतात. तेव्हां हा किनारा केवळ मुंबईकरांचा नव्हे. तो झिजला तर कोणाचें काय जातें, हें विचारण्याचा अधिकार पाटोद्यासहि आहे.

प्रस्तुत लेखांत आम्हांस एकच गोष्ट दाखवावयाची आहे. किनारा राखणें आणि किनाऱ्यावरील लोकांचा वावर राखणें हीं दोन भिन्न कार्यें होत. पहिलें साधलें कीं दुसरें आपोआप साधतें, हा समज मुंबईच्या अडीचशें वर्षांच्या इतिहासास धरून नाहीं.

(२) शब्दविचार

संस्कृत कोशकारांनीं पाण्याच्या कडेस एकच नांव दिलेलें नाहीं. कूल, रोधस्, तीर, तट हे शब्द अमरकोशांत एकत्र येतात; परंतु 'पुलिन' हा शब्द त्यांहून निराळा दिला असून त्याचा अर्थ पाण्यांतून वर आलेली भूमि असा आहे. वाळूमय पुलिनास 'सैकत' म्हणतात. तट ही पाण्यास अडविणारी स्थिर कड. पुलिन ही पाणी देतें व पाणीच परत घेतें अशी जागा. मुलें खेळतात, कोळी जाळीं वाळवितात, गणपतीचें विसर्जन होतें, सभा भरतात, तें सर्व पुलिनावर. स्थापत्यशास्त्राचे उपाय मात्र बहुतेक तटाचे असतात. हा भेद ध्यानांत ठेवल्यास पुढील इतिहास समजण्यास सोपें जाईल.

दुसरा शब्द 'वेला'. समुद्राच्या पाण्याचा चढ-उतार, काल आणि मर्यादा असे तिन्ही अर्थ या एका शब्दांत आहेत. आपला 'वेळ' त्यांतूनच आला. समुद्राची मर्यादा ही कालानें बदलणारी मर्यादा आहे, ही जाणीव या शब्दांत स्पष्ट दिसते.

परंतु सर्वांत महत्त्वाची सामग्री धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत आहे. गंगेच्या माहात्म्याचा विचार करतांना निबंधकारांनीं पुराणांतील कांहीं वचनें दिलीं आहेत. त्यांचा आशय असा : भाद्रपद कृष्ण चतुर्दशीस पाणी जेथपर्यंत चढतें तेथपर्यंत नदीचा 'गर्भ' समजावा. त्यापुढें दीडशें हातांपर्यंत 'तीर', आणि तीरापासून एक गव्यूति, म्हणजे दोन कोसपर्यंत, 'क्षेत्र'. आणखी एका वचनांत असें म्हटलें आहे कीं, प्रवाहापासून चार हातांपर्यंतच्या भूमीचा स्वामी नारायण. तेथें दुसरा कोणीहि स्वामी कधींहि नसतो. त्या भूमींत दान घेऊं नये असाहि निषेध आहे.

हीं वचनें गंगेविषयीं आहेत, समुद्राविषयीं नव्हेत. आणि तीं पुण्यकर्माच्या संदर्भांत आलीं आहेत, जमिनीच्या मालकीच्या खटल्यांत नव्हेत. तीं ओढून ताणून आजच्या कायद्यास चिकटविणें आम्हांस मान्य नाहीं. तथापि त्यांतील विचाराची रीति पाहण्यासारखी आहे. पाणी सर्वांत अधिक चढण्याची तिथि धरून रेषा ठरवावयाची, त्या रेषेपासून अंतर मोजून पट्टे पाडावयाचे, आणि पाण्यालगतचा पट्टा कोणाच्याहि मालकीबाहेर ठेवावयाचा. रोमन सम्राट् जस्टिनियन याच्या इ. स. ५३३ मधील धर्मसंहितेंतहि वायु, वाहतें पाणी, समुद्र आणि त्याबरोबर समुद्राचा कांठ हीं सर्वांस समाईक सांगितलीं आहेत. दोन दूरच्या परंपरा येथें एकाच निष्कर्षास आल्या आहेत.

(३) वेलार्ड आणि फोरास

मुंबईचें मूळ रूप सात बेटांचें होतें. भरतीचें पाणी बेटांमधील सखल भागांत शिरे व ओहोटीस चिखल राही. याचे अवशेष स्थलनामांत आहेत. उमरखाडी या नांवांत खाडी आहे. पायधुनी येथें भरतीचें पाणी येई व येणारे-जाणारे पाय धूत, अशी व्युत्पत्ति परंपरेनें दिली जाते. चौपाटी हें नांव चार पाट किंवा प्रवाह यांवरून पडलें असेंहि सांगतात. त्यास जोड म्हणून पालघरकडील सातपाटी दाखवितात.

महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधील मोठें खिंडार हें या पाण्याचें मुख्य द्वार होतें. गव्हर्नर विल्यम हॉर्न्बी (कारकीर्द १७७१ ते १७८४) याच्या काळांत तेथें बांध घालून तें बुजविण्यांत आलें. हाच 'हॉर्न्बी वेलार्ड'. वेलार्ड हा शब्द बांध किंवा कुंपण या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला आहे. संस्कृत वेलेशीं त्याचें साम्य केवळ ध्वनीचें होय. कंपनीच्या संचालकांचा नकार आलेला असतां हॉर्न्बीनें तो खिशांत ठेवून काम पुरें केलें, आणि बांध वारंवार खचूं लागल्यावर एका प्रभु गृहस्थास दृष्टांत होऊन समुद्रांतून देवीच्या मूर्ति निघाल्या, अशा दोन आख्यायिका प्रसिद्ध आहेत. त्यांस आख्यायिकांहून अधिक मोल देण्याचें कारण नाहीं. पण हें काम किती दुर्घट वाटलें होतें हें त्यांवरून कळतें.

बांधामुळें भायखळा, कामाठीपुरा इत्यादि सखल प्रदेश कोरडा झाला. ही जमीन पुढें 'फोरास' या नांवाच्या अल्प साऱ्यावर लोकांच्या वहिवाटीस गेली, आणि त्या हक्कांची व्यवस्था लावण्यास १८५१ सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला. फोरास रोड हें नांव त्याची आठवण आहे. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. बांधाच्या आंतील जमिनीचा विचार कायद्यानें केला, सारा ठरला, हक्क नोंदले गेले. बांधाच्या बाहेरील कडेवर कोणी जावें-यावें याचा विचार कोणीं केला नाहीं. तेथें लोक हवा खाण्यास जाऊं लागले तें केवळ बांधावरून रस्ता होता म्हणून.

(४) बॅकबे : भिंत मिळाली, वाळू गेली

दुसरें पर्व पश्चिमेच्या बॅकबे उपसागराचें. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या काळांत कापसाचे भाव चढले व मुंबईंत पैशाचा पूर आला. त्यांत बॅकबे भरून काढण्याची कंपनी निघाली, तिच्या शेअरांचा सट्टा माजला, आणि १८६५ सालीं युद्ध संपतांच सर्व डोलारा कोसळला. मागें राहिला तो किनाऱ्याजवळचा थोडा भराव, आणि बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा रस्ता किनाऱ्यालगत गेला. अर्थात् लोक आणि समुद्र यांच्यामध्यें रूळ आले.

पुढें १९२० च्या सुमारास गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड याच्या काळांत पुन्हां ११४५ एकरांची योजना हातीं घेण्यांत आली. गाळ काढण्याचा अंदाज चुकला, खर्च वाढला, आणि खुर्शेद नरिमन यांनीं या गैरव्यवहाराविरुद्ध लढा दिला. त्यावर सरकारनें १९२६ सालीं चौकशी-समिति नेमली. योजनेच्या आठ विभागांपैकीं चारच त्या वेळीं पुरे झाले. ज्यांनीं भरावास विरोध केला त्यांचेंच नांव पुढें भरावाच्या टोकास, नरिमन पॉइंटास, मिळालें.

या भरावाच्या पश्चिम कडेनें समुद्राची भिंत व मरीन ड्राइव्ह हा रस्ता झाला. लोकांच्या वावराच्या दृष्टीनें पाहतां हें काम पूर्वींच्या कोणत्याहि भरावाहून उदार होतें. रुंद पादपथ आणि बसण्याजोगी कठड्याची भिंत यांमुळें शहरांतील एका खोलीच्या बिऱ्हाडांतील कुटुंबासहि संध्याकाळीं समुद्रासमोर बसतां येऊं लागलें. परंतु येथें मिळाला तो तट, पुलिन गेलें. पाण्यास पाय लावण्याची सोय त्या सर्व लांबींत राहिली नाहीं. भिंतीच्या पायथ्याचें रक्षण करण्यास पुढें चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, ज्यांस टेट्रापॉड म्हणतात, ते टाकावे लागले. ही युक्ति १९५० च्या सुमारास फ्रान्समध्यें निघाली. लाटेचा जोर ती मोडते खरी, पण त्या ठोकळ्यांवरून चालतां येत नाहीं.

याच उपसागराच्या उत्तर टोकास गिरगांव चौपाटीची वाळू राहिली, आणि इतिहास घडला तो तेथें. १ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्य टिळकांचा अंत्यविधि त्या वाळूवर झाला. १९३० च्या सत्याग्रहाच्या काळांत तेथें प्रचंड सभा भरल्या. गणपतीच्या विसर्जनाची प्रथा अद्याप चालू आहे. कठड्यावर माणसें रांगेनें बसतात; वाळूवर समाज जमतो. हा भेद केवळ सौंदर्याचा नव्हे, नागरिकत्वाचा आहे.

(५) झीज कशी होते

येथें थोडें भौतिक विवेचन आवश्यक आहे. वाळूचा किनारा हा स्थिर पदार्थ नसून वाळूची चालती-बोलती शिल्लक आहे. पावसाळ्यांतील उंच व वारंवार येणाऱ्या लाटा किनाऱ्याची वाळू ओढून समुद्रांत थोड्या अंतरावर तिचा दांडा घालतात. पावसाळा संपल्यावर लांब व सौम्य लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. म्हणून श्रावणांत अरुंद दिसणारी चौपाटी माघांत रुंद दिसते. ही झीज नव्हे, श्वासोच्छ्वास होय.

खरी झीज जमेपेक्षां खर्च वाढला कीं होते. त्याचीं कारणें मुख्यतः चार. पहिलें, नद्यांवरील धरणांमुळें व वाळूच्या उपशामुळें आवक घटते. दुसरें, लाटा तिरप्या आल्यामुळें वाळू किनाऱ्याला समांतर वाहत असते. तिच्या वाटेंत धक्का किंवा भराव आला कीं एका बाजूस ती सांचते व दुसऱ्या बाजूस तुटवडा पडतो. मद्रासच्या बंदराचें उदाहरण सुप्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तें बांधल्यावर दक्षिणेस मरीना किनारा रुंदावत गेला आणि उत्तरेस रायपुरमकडील वस्ती समुद्राच्या तोंडीं आली. एकाची चौपाटी ती दुसऱ्याची हानि.

तिसरें कारण समुद्राची वाढती पातळी. मुंबईच्या अपोलो बंदरावरील भरतीमापनाच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत व हिंदी महासागरांतील अत्यंत जुन्या नोंदींत त्यांची गणना होते. जगाच्या समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळांत सुमारें २० सेंटिमीटर चढली, आणि २००६ ते २०१८ या काळांत चढण्याचा वेग वर्षास ३.७ मिलिमीटर होता.

चौथें कारण सर्वांत विचित्र आहे, कारण तें उपायांतच दडलेलें आहे. वाळूवर उभी भिंत बांधली म्हणजे भिंतीमागील जमीन वांचते. परंतु वाळूच्या उतारावर विरून जाणारी लाट आतां भिंतीवर आपटून परततें पाणी घेऊन जाते आणि पायथ्याची वाळू खणते. शिवाय पातळी चढली असतां मोकळा किनारा मागें सरकून आपली रुंदी राखतो. मागें भिंत असल्यास त्यास सरकण्यास जागा उरत नाहीं. पुढून समुद्र व मागून भिंत यांच्या चिमट्यांत पुलिन नाहींसें होतें. तट राखण्याच्या कृतीनेंच पुलिनाचा नाश होतो तो असा.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्रानें १९९० ते २०१८ या काळाचा जो अभ्यास केला त्यांत देशाच्या किनाऱ्यापैकीं सुमारें एक तृतीयांश, व महाराष्ट्राच्या किनाऱ्यापैकीं सुमारें एक चतुर्थांश झिजत असल्याचें आढळलें. हा प्रश्न एका चौपाटीचा नाहीं.

यास उपाय नाहीं असें मात्र नव्हे. हॉलंड देशानें १९९० सालीं आपली त्या वर्षाची किनाऱ्याची रेषा वाळू घालून राखण्याचें धोरण ठरविलें, आणि २०११ सालीं एकाच ठिकाणीं सुमारें दोन कोटि पंधरा लक्ष घनमीटर वाळू टाकून ती वाऱ्या-लाटांकडून किनाऱ्यावर पसरू दिली. आपल्या देशांत पुदुच्चेरीनें १९८० नंतरच्या दशकांत बंदराच्या बांधामुळें आपली चौपाटी गमावली होती. २०१८ च्या सुमारास पाण्याखालीं पाचरीच्या आकाराचा अडसर ठेवून व वाळू घालून तिचा एक भाग परत मिळविण्यांत आला. १९१६ सालीं स्थापन झालेली, पुण्याजवळ खडकवासला येथील जल व विद्युत् संशोधनाची संस्था अशा कामाचे नमुने करून पाहण्यास समर्थ आहे. ज्ञानाची उणीव नाहीं.

(६) दादरचा किनारा

आतां मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. दादर-माहीमच्या भागांत १९२५ सालीं महानगरपालिकेनें माहीम पार्क हें विस्तीर्ण मैदान लोकांस खुलें केलें. १९२७ सालीं, शिवजन्माच्या त्या वेळीं मानलेल्या त्रिशत-सांवत्सरिक उत्सवप्रसंगीं, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानें त्यास शिवाजी पार्क हें नांव मिळालें. मैदान राखलें गेलें हें नगररचनाकारांचें पुण्य. परंतु मैदान व समुद्र यांच्यामधील पट्टी घरांस गेली. समुद्राकडे जाण्यास राहिल्या त्या घरांमधील बोळी.

ही घरें बांधलीं गेलीं तेव्हां पुढें वाळूचें रुंद पुलिन होतें. पुढें वाळू हटत गेली, घरमालकांनीं आपापल्या कुंपणाच्या भिंती पक्क्या केल्या, भिंतींपुढें दगड पडले, आणि वर सांगितलेला चिमटा पुरा झाला. माहीम खाडीच्या मुखाशीं वांद्र्याच्या बाजूनें झालेला भराव आणि २००९ सालीं खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतु यांस येथील रहिवासी दोष देतात. या कारणांचा वांटा कांहीं असो. परिणाम असा कीं, मोठ्या भरतीस पाणी थेट भिंतींस लागतें आणि त्या तासांत किनारा म्हणून कांहीं उरतच नाहीं.

यांत दोष एकट्या घरमालकाचा नाहीं. आपलें घर समुद्रांत जाऊं नये म्हणून भिंत बांधणें हें मनुष्यमात्राचें वर्तन आहे. परंतु प्रत्येकानें आपला तट राखला आणि सर्वांचें पुलिन गेलें. जी वस्तु सर्वांची असते तिच्या वतीनें कोणीतरी बोलावें लागतें. तें येथें कोणी बोललें नाहीं. आणि ६ डिसेंबरचा समाज याच पट्टींत जमतो. नाशिकास अगर पंढरपुरास घाट खचला असतां आपण यात्रेकरूंची सोय पाहिल्यावांचून राहत नाहीं; समुद्राची वाळू खचली असतां मात्र ती निसर्गाची गोष्ट म्हणून सोडून देतों.

(७) कायदा आणि नवा मार्ग

१९ फेब्रुवारी १९९१ रोजीं केंद्र सरकारनें किनाऱ्याच्या नियमनाची अधिसूचना काढली. भरतीची उच्च रेषा धरून तेथून ५०० मीटरांपर्यंतच्या पट्टींत बांधकामांवर निर्बंध आले. निबंधग्रंथांतील गर्भ, तीर, क्षेत्र यांच्याशीं या मांडणीचें साम्य वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. ही अधिसूचना २०११ व २०१९ सालीं नव्यानें काढण्यांत आली. १९९१ च्या अधिसूचनेंत किनाऱ्यावरील दोन हॉटेलांमध्यें लोकांस समुद्राकडे जाण्यासाठीं निदान २० मीटर रुंदीची वाट ठेवावी असें कलम होतें. वावराचा हक्क मीटरांत लिहितां येतो याचें हें उत्तम उदाहरण होय. १९९६ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें बियास नदीच्या एका प्रकरणांत असें तत्त्व सांगितलें कीं, नदी, समुद्रकिनारा इत्यादि वस्तूंचें राज्य हें विश्वस्त आहे, मालक नव्हे. चार हात भूमीचा स्वामी नारायण, या वचनाचा लौकिक अर्थ यापेक्षां निराळा करतां येणार नाहीं.

या तत्त्वाची कसोटी पाहणारें ताजें काम म्हणजे मुंबईचा सागरी किनारा मार्ग. मरीन लाइन्सपासून सागरी सेतूच्या वरळी टोकापर्यंत सुमारें साडेदहा किलोमीटरांचा हा रस्ता मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्यानें खुला होऊन जानेवारी २०२५ मध्यें पुरा झाला. त्यासाठीं १११ हेक्टर समुद्र भरण्यांत आला. त्यांतील सुमारें ७० हेक्टर मोकळी हिरवी जागा ठेवावयाची आहे, आणि भरावाचा निवासी अगर व्यापारी उपयोग होणार नाहीं असें बंधन सर्वोच्च न्यायालयापुढें मान्य झालें आहे. समुद्रालगतचा पादपथहि ऑगस्ट २०२५ मध्यें बव्हंशीं खुला झाला. वरळीच्या कोळ्यांनीं होड्यांच्या वाटेसाठीं पुलाच्या खांबांतील अंतर वाढवावें असा आग्रह धरला व दीर्घ विरोधानंतर २०२२ च्या अखेरीस तें ६० मीटरांवरून १२० मीटर करण्याचें मान्य झालें.

हॉर्न्बीच्या बांधापासून पाहतां यांत प्रगति आहे. त्या वेळीं जें कोणास सुचलें नाहीं तें आतां लिहून घेतलें जातें. तरीपण दोन गोष्टी विसरतां कामा नयेत. खडकाळ किनाऱ्यावरील कोळी ओहोटींत जेथें कालवें व खेकडे वेंचीत त्या जागेचा मोबदला पादपथानें मिळत नाहीं. आणि रस्ता व पादपथ यांच्यामध्यें वेगवान् मोटारी असल्यामुळें लोकांचें तेथें जाणें भुयारी वाटांवर अवलंबून आहे. त्या वाटा जितक्या मोकळ्या, उजेडाच्या व जवळ-जवळ असतील तितकाच तो किनारा लोकांचा. बॅकबेच्या रुळांनीं दीडशें वर्षांपूर्वीं केलें तें मोटारींनीं पुन्हां करूं नये, एवढेंच.

(८) कर्तव्य

या सर्वांतून आमचे निष्कर्ष असे. (अ) किनाऱ्याच्या प्रत्येक कामाचा विचार करतांना तट व पुलिन असे दोन स्वतंत्र जमाखर्च मांडावे. भिंतीनें किती जमीन वांचली याबरोबर किती वाळू जाईल हेंहि सांगितलें जावें. (आ) जेथें वाळू आहे तेथें प्रथम वाळूचा उपाय करावा, दगडाचा शेवटीं. (इ) जेथें भिंत अपरिहार्य आहे तेथें नदीच्या घाटासारख्या पायऱ्या पाण्यापर्यंत न्याव्या. लेंकरास, वृद्धास आणि चाकाच्या खुर्चींतील माणसासहि पाण्याजवळ जातां आलें पाहिजे. (ई) समुद्राकडे जाणाऱ्या प्रत्येक बोळीची, वाटेची व पायरीची नोंद व्हावी.

यांतील शेवटचें काम इतिहासाचें आहे, आणि तेंच आमच्यासारख्यांच्या हातचें आहे. रूढीनें प्राप्त झालेले हक्क आपला कायदा मानतो. १८८२ च्या सुखाधिकाराच्या कायद्यांतहि रूढीस स्थान आहे. पण रूढि सिद्ध करण्यास पुरावा लागतो. कोणत्या बोळींतून कोळी होड्या नेत, कोणत्या जागीं विसर्जन होई, कोणत्या पायऱ्यांवरून लोक उतरत, हें आज सांगणारे वृद्ध आणखी वीस वर्षांनीं राहणार नाहींत. कर्नल लॉटन यानें १८६५ ते १८७२ च्या दरम्यान केलेल्या मुंबईच्या पाहणीचे नकाशे आहेत. गोविंद नारायण माडगांवकर यांचें १८६३ चें मुंबईचें वर्णन व आचार्य-शिंगणे यांचा १८८९ चा वृत्तांत आहे. महानगरपालिकेचे जुने ठराव आहेत. घरोघरच्या पेट्यांत चौपाटीवर काढलेलीं छायाचित्रें आहेत, आणि त्यांत माणसांमागें किती वाळू दिसते हें मोजतां येतें. सनदा व बखरी गोळा करणाऱ्या मंडळींनीं अशा कागदांसहि तोच मान द्यावा.

ज्या वाचकांच्या संग्रहीं मुंबई, अलिबाग, रत्नागिरी किंवा मालवण येथील किनाऱ्याचें, सन लिहिलेलें जुनें छायाचित्र, घरजागेचा नकाशा अथवा वाटेच्या तंट्याचा कागद असेल त्यांनीं त्याची नक्कल, स्थळाच्या टिपणासह, संपादकांकडे पाठवावी. नदीकांठच्या गांवांनींहि आपल्या घाटांविषयीं असेंच करावें. मांजरेच्या कांठीं हें काम आम्हीं आरंभिलें आहे. पुढील भाद्रपद कृष्ण चतुर्दशीस पाण्याची रेषा कोठपर्यंत येते ती गांवच्या मुलांकडून खुणा घालून नोंदवून घेण्याचा विचार आहे. दादरास नेलेला तो मुलगा आज आपल्या लेंकरांचा बाप आहे. कांठ कोठें आहे हें त्यास सांगणें आमच्यानें तेव्हां झालें नाहीं. निदान त्याच्या लेंकरांनीं तो दाखवावा, एवढी इच्छा आहे.